यादीत नाव नसलेलं यंत्र

आमच्या साडूभाऊंइतके धक्के देणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी विजेच्या तारा जमेस धरून बोलतो आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आक्का, आखाडा बाळापूरला ह्यांच्या घरी दिलेली. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं जेवायला गेलो, तेव्हा हे गृहस्थ ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि टेलिफोनच्या दोन उघड्या तारा त्यांनी चक्क जिभेवर टेकवल्या होत्या. मी घाबरून ओरडलो. त्यांनी शांतपणे तारा तोंडातून काढल्या आणि म्हणाले, "काही न्हाई पाव्हणं, लाइन जित्ती हाय का बघून राहिलो. कळमनुरीकडून बराबर येऊन राहिली. फॉल्ट बाळापुरातच हाय." आणि तारा पुन्हा तोंडात. मी आक्काकडे पाहिलं, तर ती पाट मांडत म्हणाली, "बसा तुमी. त्यांचं चाखून झालं की वाढते." मी हिंगोलीच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. नोकरीत पुढं बरेच धक्के बसले, पण त्या दिवसाइतका एकही नाही.

साडूभाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. जगातला कुठलाही बिघाड हा दोन खांबांच्या मध्ये कुठंतरी असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. मैलभर लाइन बंद पडली तर लाइनमन पहिल्या खांबापासून शोधत बसत नाही. तो थेट मधल्या खांबावर चढतो, तिथं लाइन चालू असली तर पुढच्या अर्ध्यात बघतो, नसली तर मागच्या अर्ध्यात. ही पद्धत त्यांनी संसारालाही लावली होती. एकदा त्यांच्याकडे माझं पोट दुखायला लागलं, तर त्यांनी मला खाटेवर आडवं करून बेंबीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितून वर का हितून खाली?" मी "वर" म्हणालो. लगेच त्या वरच्या अर्ध्याच्या मध्यावर बोट. तिसऱ्या खेपेला मी उठून पळालो, पण नंतर डॉक्टरनं बोट ठेवलं ते नेमकं तिथंच. यंत्रांशी तर ते माणसांसारखं बोलत. कॉम्प्युटरनं पडद्यावर "नक्की ना?" असं विचारलं की यांचं ठरलेलं उत्तर, "व्हय की! आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?" आणि धाडकन बटण दाबून मोकळे. याच धडाक्यात त्यांनी एकदा पोराच्या मुंजीचे सगळे फोटो पुसले होते आणि वर "फोटोत मी झोपलेलोच होतो" असं म्हणाले होते.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आगेमागे साडूभाऊंनी एक उद्योग केला आणि तो मात्र सोन्यासारखा होता. आमच्याकडे हळद पिकते आणि ती विकायला वसमतच्या मोंढ्यात जाते. पण तिथं आज भाव काय फुटला, हे खेड्यात बसलेल्याला संध्याकाळपर्यंत कळत नसे. मधला माणूस सांगेल तोच भाव. साडूभाऊंनी नांदेडच्या एका कॉलेजातल्या मुलाकडून प्रोग्राम लिहून घेतला, घरच्या टेलिफोनला मोडेम जोडला आणि अशी सोय केली की कुणीही फोन लावला तर कॉम्प्युटर उचलणार आणि भाव सांगणार. आवाज आक्काचा. मराठीत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव, त्यामुळं तिला शंभरच्या शंभर आकडे एकेक करून म्हणावे लागले. वर शे, हजार हे शब्द, आणि मालाची नावं, हळकुंड आणि हळदीचा गोल कंद तो गट्टा. दार-खिडक्या लावून भर दुपारी ती माइकसमोर बसली. सत्तेचाळीसला नेमकी दारातली शेळी ओरडली आणि तो आकडा शेळीसकट कायमचा राहिला. भावात सत्तेचाळीस आला की लोक फोनवरच हसत. पण बाई खरं सांगते, असा तिचा लौकिक झाला. मोंढ्यातले एक हळदीचे व्यापारी, ज्यांना सगळे चाचा म्हणत, रोज सौदे झाले की साडूभाऊंना भाव कळवायचे. ते म्हणायचे, "भाई, मेरे मुंह से भाव सुने तो लोगां शक करते. आक्का बोली तो बराबर."

मग आक्काच्या घशाचं दुखणं निघालं. मुंबईला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. मला आजही त्याविषयी नीट लिहिता येत नाही. आमच्या घराण्यात तिच्याइतकी बोलकी बाई नव्हती. घरी परत आल्यावर तिनं गळ्यात दोरी बांधून लेकराची पाटी अडकवली आणि खडूनं लिहून सगळ्यांना पूर्वीइतकंच झापायला सुरुवात केली, म्हणून आम्ही सावरलो. पण साडूभाऊ बदलले. रोज दुपारी ते घराबाहेर पडून चौकातल्या बूथवर जायचे, स्वतःच्याच घरी फोन लावायचे आणि स्वतःच भरलेला भाव तिच्या आवाजात ऐकून परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "लाइन टेस्ट करून राहिलो."

आणि एके दिवशी, एका उन्हाळ्यात, गावात विजेचा काहीतरी घोटाळा झाला. लोडशेडिंग संपून लाइट आली ती दुप्पट दाबानं. अर्ध्या गल्लीतले पंखे जळाले आणि साडूभाऊंचा दहा-अकरा वर्षांचा तो थोरला कॉम्प्युटर धूर सोडून गार झाला. आतली डिस्क तेवढी वाचली. तीही कण्हत होती, म्हणून त्यांनी घाईनं तिच्यावरचं सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क बंद पडली. आता आक्काचा आवाज त्या एका नकलेत होता, तोही त्या जुन्या प्रोग्रामच्या कुलपात. प्रोग्राम लिहिणारा मुलगा परदेशात कुठं गेला ते त्याच्या घरच्यांनाही धड सांगता येईना. तोवर फोन वाजला की साडूभाऊ स्वतः उचलून भाव सांगायचे. समोरचा म्हणायचा, "तुमी राहू द्या. बाईला द्या."

मला बोलावणं आलं ते एका रविवारी. मी हिंगोलीहून एस.टी.नं पोचलो, हातपाय धुतले, पानावर बसलो. आक्का वाढायला वळली होती, म्हणून मीच पोळ्यांचा स्टीलचा डबा पुढं ओढून झाकण उघडलं. आत पोळ्या नव्हत्या. आत एक हिरवा बोर्ड, दोन डिस्का, वायरींचं जाळं आणि एक लुकलुकता दिवा होता. माझ्या हातून झाकण पडलं. साडूभाऊ बाहेरून ओरडले, "हळू! सर्व्हर हाय त्यो!" डब्याला बाजूनं भोकं पाडली होती आणि त्यातून निघालेल्या दोन जाड वायरी खिडकीतून अंगणातल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला गेल्या होत्या. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तीन दिवस जागचा हलला नव्हता. आक्कानं पाटी दाखवली, "पोळ्या टोपल्यात हायेत. डबा आता परत येत न्हाई."

जेवता जेवता साडूभाऊंनी बेत सांगितला. मोठा कॉम्प्युटर बॅटरीवर तासभर टिकत नाही, आणि भाव विचारायला लोक फोन करतात तेव्हा नेमकी लाइट नसते. म्हणून त्यांनी हा बोर्ड आणला. एका लहान दिव्याइतकी वीज खातो, दिवसभर चालतो. पण जुना प्रोग्राम नव्या बोर्डाला ओळखतच नाही. त्यावर उपाय हायपरवायझर. हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि मी इंग्रजीचा मास्तर! माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं, "असं बघा. म्हाताऱ्या बैलाला नवा गोठा मानवत न्हाई. मंग नव्या घरात त्याला हुबेहूब जुना गोठा बांधून द्यायचा. त्याला वाटतं, आपण आपल्याच जागी हाव. ह्यो प्रोग्राम तसे गोठे बांधून देतो, एका यंत्राच्या पोटात चार चार." मला पटलं. अडचण एवढीच होती की तो गोठेवाला प्रोग्राम या बोर्डावर बसायलाच तयार नव्हता. अर्ध्या वाटेत थांबून पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहायचा, आणि ते वाचायला मला बोलावलं होतं. मी वाचून सांगितलं, "योग्य नेटवर्क कार्ड सापडलं नाही, असं म्हणतोय." साडूभाऊ उसळले. "सापडलं न्हाई म्हंजे? डोळ्यासमोर हाय की!" आणि त्यांनी बोर्डावरच्या त्या कार्डावर बोट ठेवून ते पडद्याला दाखवलं.

तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीनं इंटरनेटवर एक यादी दिली होती. कुठल्या यंत्रावर प्रोग्राम चालेल त्याची. साडूभाऊंनी ती सगळी छापून आणली आणि मतदारयादीत नाव शोधावं तशी पेन्सिल फिरवत शेवटच्या पानापर्यंत तपासली. आमच्या बोर्डाचं नाव नव्हतं. मोठाल्या कंपन्यांची मोठाली यंत्रं होती, पोळ्यांच्या डब्यात मावणारं एकही नव्हतं. मी म्हणालो, "साडूभाऊ, मग संपलं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा आहे. "संपलं काहून? यादीत नाव न्हाई तर घालायचं. रेशनच्या यादीत आमच्या आईचं नाव नव्हतं, घातलं का न्हाई? अर्ज करू."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी फूलस्केप कागद काढला, समास आखला आणि लिहिलं, "प्रति, माननीय अध्यक्षसाहेब. विषय : आमच्या बोर्डाचे नाव यादीत समाविष्ट करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, आमचा बोर्ड गरीब असून कमी विजेवर चालतो." खाली "सोबत" म्हणून तीन कागद जोडले. बोर्डाचा पासपोर्ट आकाराचा फोटो, वीजबिलाची झेरॉक्स आणि सरपंचांचा दाखला. दाखला मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. "सदर यंत्र हे आमच्या गावचे रहिवासी असून त्याची वर्तणूक चांगली आहे." खाली सही, शिक्का. सरपंचांनी यंत्र बघितलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "न्हाई. पण आक्कासाठी म्हणल्यावर त्यांनी वाचलंबी न्हाई." हा सगळा ऐवज मी इंग्रजीत करायचा होता. मी साफ नकार दिला. माझी काही इज्जत होती, शाळेत माझ्या हाताखाली चार मास्तर होते. तेवढ्यात आक्का येऊन समोर उभी राहिली. पाटीवर एकच शब्द होता, "लिहा." मी लिहिलं. बोर्डाच्या चांगल्या वर्तणुकीसाठी इंग्रजी शब्द शोधताना मला घाम फुटला.

कंपनीकडून उत्तर आलं नाही. येण्यासारखं नव्हतंच, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण साडूभाऊंनी तोच अर्ज, दाखल्यासकट, अशा एका ठिकाणी टाकला जिथं जगभरचे लोक या प्रोग्रामच्या अडचणी एकमेकांना विचारतात. त्या लोकांवर काय आघात झाला असेल ते तेच जाणोत. दोन दिवस नुसत्या हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. एकानं विचारलं, यंत्राचं जन्मप्रमाणपत्र का जोडलं नाही? साडूभाऊंनी तातडीनं दुकानाची पावती जोडली. मग कुणीतरी विचारलं की एवढ्या लहान यंत्रावर तुम्हाला हे चालवायचं तरी कशाला आहे. याचं उत्तर त्यांनी मला सांगितलं आणि मी जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. "माझ्या बायकोचा आवाज ऑपरेशनमध्ये गेला. ती त्या जुन्या प्रोग्राममध्ये आहे. तिला बाहेर काढायचं आहे." त्यानंतर कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी परदेशातल्या कुठल्यातरी थंड गावातल्या माणसाचं उत्तर आलं. असलं कार्ड त्याच्याकडेही होतं. त्यानं कार्डावरचा नंबर मागितला, आम्ही भिंग लावून वाचून कळवला, आणि आठवड्यानं त्यानं एक चिमुकली फाइल पाठवली. ती प्रोग्रामच्या पोटात कशी सारायची याच्या अकरा पायऱ्याही लिहिल्या होत्या.

पुढचे पाच रविवार माझे बाळापुरात गेले. फाइल घातल्यावर कार्ड सापडलं, तर आता डिस्क सापडेना. पडद्यावरच्या ओळी इतक्या भरभर पळायच्या की वरचा अर्धा पडदा मी वाचायचा आणि खालच्यातली अक्षरं त्यांनी दिसतील तशी टिपायची, असं आम्ही दोघं साडू खांद्याला खांदा लावून बसायचो. साडूभाऊंनी मग मधला खांब धरला. अर्धी जोडणी काढ, चालव, त्यातली अर्धी परत लाव, पुन्हा चालव. चौथ्या रविवारी कळलं की बोर्डाच्या सेटिंगमध्ये डिस्कची पद्धत जुनी करायला हवी होती. केली. आणि पाचव्या रविवारी प्रोग्राम पहिल्यांदा पुढं गेला, थांबला आणि त्यानं विचारलं, "या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. नक्की?"

साडूभाऊंचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि मध्येच राहिला. डब्यात दोन डिस्का होत्या. एक कोरी. दुसरीवर आक्का. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेल्या, एकाच आकाराच्या, आणि पडद्यावर दोघींची नावंही सारखी, शेवटच्या एका आकड्याचा काय तो फरक. ज्या माणसानं आयुष्यात कुठल्याही यंत्राला "नक्की" म्हणायला क्षण लावला नव्हता, तो घाम पुसत मला म्हणाला, "पाव्हणं, नीट वाचा. परत वाचा." मी परत वाचलं. मला काहीच ठरवता येईना. मधल्या खांबाची पद्धत तिथं उपयोगाची नव्हती. मागून पाटीवर खडू करकरला. आक्का उभी होती. पाटीवर लिहिलं होतं, "एक डिस्क काढून ठिवा की. दोघंबी शिकलेले."

आम्ही एक डिस्क काढून ठेवली. चुकीची निघाली तर कळावं म्हणून आधी दुसऱ्या यंत्राला लावून तपासली, ती आक्काचीच होती, मग ती साडूभाऊंनी शर्टाच्या खिशात घातली आणि काम होईपर्यंत वरून हात काढला नाही. गोठेवाला प्रोग्राम बसला, तेव्हा कुठं खिशातली डिस्क परत डब्यात लावली. त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा राहिला, तोच निळा पडदा, तीच जाडी अक्षरं. मोडेम जोडला. साडूभाऊ मला म्हणाले, "लावा फोन." मी माझ्या मोबाइलवरून त्यांच्याच घराचा नंबर लावला आणि मोबाइल मधोमध धरला. दोन रिंगा झाल्या. मोडेम करवादला. आणि त्या खोलीत, किती वर्षांनी, आक्का बोलली. हळकुंडाचा भाव, गट्ट्याचा भाव, एकेक आकडा सुटा, खणखणीत. साडूभाऊ नेहमीसारखं म्हणायला गेले, "आवाज बराबर येऊन राहिला का?" पण ते अर्ध्यातच सोडून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझीही अवस्था काही वेगळी नव्हती. आक्का कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली, तो आवाज मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकला, हात पदराला पुसले आणि पाटी लिहून आमच्या तोंडासमोर धरली. "तीन महिने जुना भाव सांगून राहिली ही बाई. आधी भाव बदला. मंग रडा."

त्यांनी भाव बदलला. त्या थंड गावातल्या माणसानंही पुढं एकदा मुद्दाम फोन लावून ऐकलं आणि कळवलं, एक अक्षर समजलं नाही, पण बाई खरं सांगत असाव्यात. ते वाचून आक्का पाटीवर "मंग!" लिहून दिवसभर हिंडली.

आता साडूभाऊ निवृत्त झाले आहेत. भाव सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेजनं येतात, त्यामुळं फोन करणारे फार थोडे उरलेत. चाचा मात्र रोज भाव कळवतात आणि साडूभाऊ रोज तो भरतात. कुणासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "एक नंबर हाय. रोज दुपारी येतो, हिंगोलीचा." मला काही उमगलं नाही. मग एकदा शाळेला अर्धी सुट्टी मिळाली म्हणून मी दुपारीच घरी आलो, तर माझी बायको फोनजवळच्या स्टुलावर बसली होती. आमच्याकडं वीतभर शेत नाही आणि घरात हळद लागते ती वाण्याकडून पाव किलो येते. पण ती रिसीव्हर कानाशी घट्ट धरून हळकुंडाचा आणि गट्ट्याचा भाव ऐकत होती, आणि मी दारात उभा आहे हे तिच्या गावीही नव्हतं. सगळे आकडे सांगून झाले की त्या प्रोग्राममध्ये आक्कानं तेव्हा आपल्या मनानंच एक वाक्य घालून ठेवलं होतं, बोलणं संपवताना ती नेहमी म्हणायची तेच. दारापर्यंत बारीक ऐकू आलं, "बरं, ठिवते आता."

माझी बायको म्हणाली, "ठिव, आक्का."